नवा ड्राइव्ह संगणकाला दिसत नाही तेव्हा : निदानाचा क्रम आणि देखभालीचे अर्थकारण

केंद्र सरकारने मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजनेला मंजुरी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या योजनेअंतर्गत देशभर एक लाख सामाईक सेवा केंद्रे उभारण्याचा निर्णय झाला. २०१५ मध्ये ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रमात या केंद्रांचा विस्तार प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरले. दाखले, अर्ज, देयके, निवृत्तिवेतन, विमा अशा अनेक सेवा गावात उपलब्ध झाल्या, त्या टेबलावर ठेवलेल्या एका संगणकाच्या आधारे. हा संगणक सुरू आहे तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो बंद पडला की गावाचा व्यवहार अडतो.

अशा एखाद्या केंद्राची कल्पना करावी. जुनी हार्ड डिस्क भरत आली म्हणून चालकाने तालुक्याच्या गावाहून नवा ड्राइव्ह आणला, पेटीत बसवला आणि संगणक सुरू केला. पडद्यावर मात्र जुन्याच डिस्कचे नाव दिसते. नव्याचा मागमूस नाही. बाहेर लोक खोळंबलेले आहेत. या क्षणी तीन प्रकारच्या चुका होऊ शकतात. पहिली, ‘ड्राइव्हच खराब निघाला’ असे मानून दुसरा विकत घेणे. दुसरी, पडद्यावर येणाऱ्या सूचनेला घाईघाईने ‘होय’ म्हणून डिस्कवरील माहिती पुसून टाकणे. तिसरी, काहीही न तपासता संगणक दुरुस्तीला देणे आणि सांगितले जाईल ते बिल चुकते करणे. तिन्ही चुकांना किंमत आहे, आणि दुसऱ्या चुकीची किंमत पुष्कळदा पैशात मोजता येत नाही.

प्रस्तुत लेखात या समस्येच्या निदानाचा क्रम सांगितला असून त्यामागील अर्थशास्त्रीय तत्त्वही स्पष्ट केले आहे. स्पर्धा परीक्षांमध्ये संगणकज्ञान, माहितीचे अर्थशास्त्र आणि सार्वजनिक खर्च हे तीन स्वतंत्र घटक मानले जातात. एका ड्राइव्हच्या निमित्ताने त्यांचा परस्परसंबंध पाहता येतो.

‘ओळखणे’ म्हणजे काय?

‘संगणक ड्राइव्ह ओळखत नाही’ हे एक वाक्य असले तरी त्यामागे अनेक भिन्न अवस्था दडलेल्या असतात. ड्राइव्ह बसवल्यापासून त्यावर फाइल साठवता येईपर्यंत सहा पायऱ्या पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, ड्राइव्हला वीज मिळणे. दुसरी, मदरबोर्डशी त्याची माहितीवाहक जोडणी होणे. तिसरी, मदरबोर्डवरील मूलभूत प्रणालीने, म्हणजे जुन्या संगणकातील बायोसने किंवा नव्या संगणकातील यूईएफआयने, त्याची नोंद घेणे. चौथी, विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीकडे त्या जोडणीचे नियंत्रण करणारा ड्रायव्हर असणे. पाचवी, डिस्कवर विभागणीचा तक्ता असणे. सहावी, त्या विभागावर कार्यप्रणालीला वाचता येईल अशी फाइल-रचना असणे आणि त्याला एखादे अक्षर किंवा स्थान दिलेले असणे.

यांपैकी कोणतीही पायरी अपुरी राहिली तरी वापरकर्त्याला दिसणारे लक्षण एकच, ते म्हणजे ड्राइव्ह दिसत नाही. ताप हे जसे अनेक आजारांचे लक्षण असते, तसाच हा प्रकार होय. म्हणून ‘दिसत नाही’ याचा अर्थ ‘मेला’ असा घेऊ नये. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या ड्राइव्हवर तर बहुधा विभागणीचा तक्ताच नसतो; त्यामुळे तो पूर्णपणे निर्दोष असूनही ‘माय कॉम्प्युटर’ किंवा ‘धिस पीसी’ या खिडकीत दिसत नाही.

पहिला प्रश्न : सीमारेषा कोणत्या बाजूला?

सहा पायऱ्या एकेक करून तपासण्यापेक्षा मधली पायरी प्रथम तपासणे शहाणपणाचे ठरते. ती पायरी म्हणजे बायोस किंवा यूईएफआय. संगणक सुरू होताच डिलीट, एफ-२ किंवा उत्पादकाने ठरवून दिलेली अन्य कळ दाबली असता हा सेटअप पडदा उघडतो. त्यात जोडलेल्या साठवण-साधनांची यादी असते.

या यादीत नव्या ड्राइव्हचे नाव किंवा मॉडेल क्रमांक आढळला, तर वीज व केबल यांचे काम बहुतांशी ठीक आहे आणि दोष कार्यप्रणालीच्या बाजूला शोधावयाचा आहे. नाव आढळले नाही, तर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. दोष पेटीच्या आत, म्हणजे वीज, केबल, पोर्ट, सेटअपमधील निवड किंवा खुद्द ड्राइव्ह यांपैकी एकात आहे. दोन मिनिटांच्या या तपासणीने शक्यतांचे क्षेत्र जवळजवळ निम्मे होते, आणि तिला पैसा लागत नाही.

सेटअपमध्ये नाव नसल्यास

पेटी उघडण्यापूर्वी संगणक बंद करून वीजजोडणीची पिन काढावी, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि पेटीच्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. यानंतरच आतील जोडण्यांना हात लावावा.

आज टेबलावरील संगणकात प्रामुख्याने दोन प्रकारचे ड्राइव्ह आढळतात. पहिला प्रकार साटा जोडणीचा. २००३ च्या सुमारास बाजारात आलेल्या या जोडणीने चाळीस पिनांच्या रुंद, चपट्या पट्टीची जागा घेतली. जुन्या पद्धतीत एका पट्टीवर दोन ड्राइव्ह असत आणि कोणता मुख्य व कोणता दुय्यम हे छोट्या जंपरने ठरवावे लागे. जंपर चुकला की दोन्ही ड्राइव्ह अदृश्य होत. साटामध्ये प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र केबल असल्याने ही अडचण संपली. मात्र साटा ड्राइव्हला दोन जोडण्या लागतात हे अनेकदा विसरले जाते. सात संपर्कांची लहान जोडणी माहितीसाठी आणि पंधरा संपर्कांची मोठी जोडणी विजेसाठी असते. केवळ एकच जोडली तर ड्राइव्ह दिसणार नाही.

येथे तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. दोन्ही जोडण्या काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. फिरती हार्ड डिस्क असल्यास संगणक सुरू केल्यावर तिच्या फिरण्याची सौम्य कंपने जाणवतात का ते पाहावे. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने ही खूण उपयोगी पडत नाही. त्यानंतर ज्या केबलवर व पोर्टवर जुनी डिस्क व्यवस्थित चालते, त्याच केबलवर व पोर्टवर नवा ड्राइव्ह लावून सेटअपमध्ये पाहावे. तो दिसला, तर दोष केबलचा किंवा पोर्टचा ठरतो. न दिसल्यास संशय ड्राइव्हकडे वळतो. ज्ञात व चालू वस्तूशी अशी अदलाबदल करणे हे निदानाचे सर्वांत खात्रीचे साधन आहे. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही.

वीजपुरवठ्याच्या पेटीपासून सुट्या होणाऱ्या केबल असतील, तर एका उत्पादकाच्या पेटीची केबल दुसऱ्या उत्पादकाच्या पेटीला लावू नये. टोक सारखे दिसले तरी आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि ड्राइव्ह जळू शकतो. आणखी एक बारकावा असा की, साटा मानकाच्या २०१६ मधील ३.३ या आवृत्तीत विजेच्या तिसऱ्या संपर्कातून ड्राइव्ह दूरून बंद करण्याची सोय देण्यात आली. जुन्या वीजपुरवठ्यात याच संपर्कावर सतत ३.३ व्होल्टचा दाब असतो. त्यामुळे ही सोय असलेला ड्राइव्ह जुन्या संगणकात बसवल्यास तो ‘बंद राहा’ अशी आज्ञा मिळाल्याप्रमाणे फिरतच नाही. ड्राइव्ह आणि वीजपुरवठा दोन्ही निर्दोष असतात. दोष त्यांच्या परस्परमेळाचा असतो.

दुसरा प्रकार एम-२ जोडणीचा. च्युइंगगमच्या पट्टीसारखा हा ड्राइव्ह मदरबोर्डवरील खाचेत बसतो. खाच एकसारखी दिसत असली तरी तिच्यातून चालणारी पद्धत साटा असू शकते किंवा एनव्हीएमई असू शकते. काही खाचा दोन्ही स्वीकारतात, काही एकच. एनव्हीएमई ड्राइव्ह केवळ साटा चालवणाऱ्या खाचेत बसवला, तर तो कधीच दिसणार नाही. काही मदरबोर्डांवर एम-२ खाच वापरात आली की एक-दोन साटा पोर्टे आपोआप बंद होतात. म्हणून नवा ड्राइव्ह बसवल्यावर जुनाच नाहीसा झाल्यास घाबरून जाऊ नये, त्याची केबल दुसऱ्या पोर्टात लावून पाहावी. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत या बाबी नमूद असतात आणि ती पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर बहुधा विनामूल्य मिळते. काही वेळा साटा पोर्ट सेटअपमध्येच बंद ठेवलेले असते; तेथील निवडही पाहून घ्यावी.

सेटअपमध्ये नाव असल्यास

आता दुसरी बाजू पाहू. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ हा विभाग उघडला असता संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्क, त्यांच्यावरील विभाग आणि प्रत्येकाची अवस्था दिसते. येथे दिसणारा शब्द हेच निदान होय.

‘नॉट इनिशिअलाइझ्ड’ असे असल्यास डिस्कवर विभागणीचा तक्ता नाही. ‘अनअलोकेटेड’ असल्यास तक्ता आहे, परंतु विभाग पाडलेला नाही. ‘ऑफलाइन’ असल्यास डिस्क तात्पुरती बाजूला ठेवलेली आहे. उजवी कळ दाबून ती ‘ऑनलाइन’ करता येते. विभाग निरोगी दिसतो पण त्याला अक्षर नाही, असे असल्यास केवळ अक्षर द्यावे. ‘रॉ’ असे दिसल्यास विभाग आहे, परंतु त्यावरील फाइल-रचना विंडोजला वाचता येत नाही.

येथे एक नियम काटेकोरपणे पाळावा. ड्राइव्ह कोरा व नवा असेल, तरच इनिशिअलाइझ किंवा फॉरमॅट करावे. तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकातून काढून आणलेला असेल आणि त्यावर माहिती असण्याची शक्यता असेल, तर ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ या सूचनेला नकार द्यावा. ही सूचना डिस्क रिकामी असल्याचे सांगत नाही. विंडोजला ती वाचता येत नाही एवढेच सांगते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकातील डिस्कच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली अनेक शासकीय कार्यालयांत वापरली गेली आहे, तर केरळच्या शासकीय शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा वापर सर्वत्र आहे. अशा संगणकातील डिस्क प्रायः ‘ईएक्सटी-४’ रचनेची असते. ती विंडोजच्या संगणकाला जोडली की विंडोज ती फॉरमॅट करण्यास सुचवते. डिस्क सुस्थितीत असते, माहिती जागेवर असते; वाचणाऱ्याला लिपी येत नसते, इतकेच.

विभागणीचा तक्ता : एमबीआर की जीपीटी?

कोरी डिस्क इनिशिअलाइझ करताना विंडोज दोन पर्याय देते. एमबीआर ही १९८३ पासून वापरात असलेली पद्धत. तिच्यात प्रत्येक विभागाचा प्रारंभ व आकार ३२ बिटांत नोंदवला जातो. ५१२ बाइटांचा एक सेक्टर धरल्यास ३२ बिटांनी ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात. म्हणजे सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढील जागेला ‘पत्ता’च उरत नाही. शिवाय मुख्य विभाग चारच करता येतात. जीपीटी पद्धतीत ६४ बिटांचा वापर होतो आणि विंडोजमध्ये १२८ विभाग करता येतात. तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी सुरक्षित ठेवली जाते. म्हणून दोन टेराबाइटहून मोठ्या ड्राइव्हसाठी जीपीटीच निवडावी. अत्यंत जुन्या कार्यप्रणाली, उदाहरणार्थ ३२ बिटांची विंडोज एक्सपी, जीपीटी डिस्क वाचू शकत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

क्षमतेविषयीचे तीन आकडे परीक्षेच्या दृष्टीनेही उपयुक्त आहेत. एक टेराबाइटचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसतो. यात फसवणूक नाही. उत्पादक १,००० च्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीत. मोजपट्टी वेगळी असते. तीन टेराबाइटचा ड्राइव्ह जुन्या नियंत्रक-ड्रायव्हरसह ७४६ जीबी एवढाच दिसला, तर ३२ बिटांची मर्यादा ओलांडल्यानंतर उरलेला भागच मोजला गेला आहे असे समजावे. त्याचप्रमाणे २८ बिटांच्या जुन्या पद्धतीची मर्यादा १३७ जीबी होती. विंडोज एक्सपीला पहिल्या सर्व्हिस पॅकनंतरच तिच्या पलीकडे जाता आले. तिन्ही उदाहरणांत ड्राइव्ह सुस्थितीत असतो, त्याचे मोजमाप करणारी व्यवस्था तोकडी किंवा निराळी असते.

नव्या ड्राइव्हवर विंडोज नव्याने स्थापित करताना ‘ड्राइव्ह आढळला नाही’ असा संदेश येण्याचे आणखी एक कारण आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक संगणकांत ड्राइव्हचे नियंत्रण ‘व्हीएमडी’ या व्यवस्थेमार्फत होते आणि तिचा ड्रायव्हर स्थापना-संचात नसू शकतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर यूएसबीवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ या पर्यायाने दिल्यास ड्राइव्ह दिसू लागतो.

ड्राइव्ह खरोखरच सदोष असेल तर

वरील सर्व तपासण्यांनंतरही ड्राइव्ह दिसला नाही आणि दुसऱ्या संगणकावरही तो दिसत नसेल, तर तो सदोष असल्याचा निष्कर्ष रास्त ठरतो. नवा ड्राइव्ह असल्यास हमीच्या मुदतीत बदलून घ्यावा. खरेदीची पावती आणि अनुक्रमांकाची नोंद येथे उपयोगी पडते.

जुन्या डिस्कचा प्रश्न निराळा असतो. ती टकटक असा नियमित आवाज करीत असेल, मध्येच दिसून मध्येच नाहीशी होत असेल किंवा ‘स्मार्ट’ या स्वयंतपासणीत खराब सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवून प्रथम माहितीची प्रत काढावी. प्रत्येक वेळी सुरू करणे म्हणजे उरलेल्या आयुष्यातून खर्च करणे होय. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा सर्वमान्य संकेत अशा प्रसंगासाठीच आहे.

निदानाचे अर्थशास्त्र

कोणती तपासणी आधी करावी? सर्वसाधारण उत्तर असे की, ज्याची शक्यता सर्वाधिक ते आधी पाहावे. हे उत्तर अपुरे आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की माहिती फुकट नसते. ती मिळवण्यास खर्च येतो आणि शोध किती करावा हे त्या खर्चावर अवलंबून असते. त्यांना १९८२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हेच तत्त्व येथे लागू पडते.

समजा, दोष सेटअपमधील निवडीत असण्याची शक्यता २० टक्के, केबलमध्ये ३० टक्के आणि ड्राइव्हमध्ये ५० टक्के आहे. सेटअप तपासण्यास वेळेच्या रूपाने ५० रुपये, नवी केबल लावून पाहण्यास १०० रुपये आणि ड्राइव्ह तालुक्याला नेऊन तपासून घेण्यास ५०० रुपये खर्च येतो. दोष सापडताच तपासणी थांबते आणि प्रत्येक दोष प्रत्यक्ष तपासणीनेच निश्चित होतो, असे मानू. सर्वाधिक शक्यता म्हणून ड्राइव्हपासून सुरुवात केली, मग सेटअप व केबल पाहिली, तर अपेक्षित खर्च ५०० + (०.५ × ५०) + (०.३ × १००) = ५५५ रुपये होतो. सेटअप, केबल, ड्राइव्ह हा क्रम ठेवल्यास तो ५० + (०.८ × १००) + (०.५ × ५००) = ३८० रुपये येतो. १७५ रुपयांची ही बचत केवळ क्रम बदलल्याने झाली. नियम असा की, शक्यतेला खर्चाने भागावे आणि जो भागाकार मोठा ती तपासणी आधी करावी. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. नियम मात्र वैद्यकीय चाचण्या, पाणीगळतीचा शोध आणि लेखापरीक्षण यांनाही लागू पडतो.

दुसरे तत्त्व माहितीच्या विषमतेचे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने सिद्ध केले की, विक्रेत्याला माहीत असलेली गोष्ट ग्राहकाला माहीत नसेल तर चांगला माल बाजारातून हटू शकतो. या क्षेत्रातील कार्यासाठी २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये याच विचाराची पुढची पायरी मांडली. दुरुस्तीसारख्या सेवेत ग्राहकाला काम झाल्यानंतरही ते आवश्यक होते की नाही हे कळत नाही. त्याला विश्वासावरच विसंबावे लागते. केबल सैल होती की ड्राइव्ह निकामी होता, हे पेटी उघडणाऱ्यालाच ठाऊक. ग्राहकाने सेटअपचा पडदा पाहून ठेवला असेल, तर ही विषमता बऱ्याच अंशी कमी होते. सर्व तंत्रज्ञ अप्रामाणिक असतात असा याचा अर्थ नव्हे. प्रामाणिक तंत्रज्ञालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्यास जाणता ग्राहक हवा असतो.

धोरणाच्या संदर्भात

सार्वजनिक संस्थेत संगणकाची खरेदी हा भांडवली खर्च ठरतो, तर केबल, तंत्रज्ञाचे शुल्क आणि देखभालीचा करार हा महसुली खर्च. नियोजनाच्या काळात योजनांतर्गत व योजनेतर असा भेद असल्याने नवी मालमत्ता उभारणे हा ‘विकास’ आणि असलेली सांभाळणे हा ‘भार’ अशी धारणा बळावली. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये हा भेद रद्द करण्याची शिफारस केली आणि २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून तो रद्द झाला. लेखाशीर्ष बदलले तरी सवय बदलण्यास वेळ लागतो. शंभर रुपयांच्या केबलला तरतूद नाही म्हणून हजारो रुपयांचा संगणक कोपऱ्यात पडून राहणे हे त्या सवयीचे लक्षण होय.

कौशल्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे उद्दिष्ट सहा कोटी ग्रामीण नागरिकांना साक्षर करण्याचे होते. मार्च २०२४ मध्ये ते पूर्ण झाले. त्याचा भर संगणक व मोबाइल वापरण्यावर होता. सांभाळण्याचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभाल या व्यवसाय-अभ्यासक्रमातून मिळते. केरळमध्ये २०१८ पासून शाळांत चालणाऱ्या ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी-मंडळांनी हार्डवेअरची ओळख शालेय वयातच करून देण्याचा मार्ग स्वीकारला.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. माहितीपुस्तिका व सुटे भाग उपलब्ध असणे हा या हक्काचा गाभा आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी निकामी उपकरणांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. परंतु सुस्थितीतील ड्राइव्ह चुकीच्या निदानामुळे कचऱ्यात जाणार नाही, हे नियमांच्या आधीचे काम आहे. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकांच्या माहितीच्या सुरक्षिततेचे दायित्व ती हाताळणाऱ्यांवर ठेवले आहे. ‘दिसत नाही’ म्हणून फेकलेल्या डिस्कवर शेकडो लोकांचे दाखले असू शकतात, आणि ज्याला ती वाचता येईल त्याच्या हाती ते पडू शकतात.

समारोप

नवा ड्राइव्ह न दिसणे ही घटना लहान आहे. तिचे निदान आधी सेटअप, मग जोडण्या किंवा डिस्क मॅनेजमेंट, आणि अखेरीस ड्राइव्ह, या क्रमाने केल्यास बहुतेक वेळा नवी खरेदी टळते आणि माहिती सुरक्षित राहते. फॉरमॅटचा निर्णय मात्र नेहमी सर्वांत शेवटी घ्यावा, कारण इतर सर्व पावले मागे घेता येतात, ते एक येत नाही. सेवा केंद्राच्या भिंतीवर हा क्रम लिहिलेला एक कागद लावला, तरी बाहेर खोळंबलेल्या माणसाचा दिवस वाचू शकतो.

स्वाध्याय

१. ड्राइव्ह सेटअपमध्ये दिसतो, परंतु विंडोजमध्ये दिसत नाही. कोणत्या चार कारणांचा विचार कराल?
२. एमबीआर पद्धतीची २.२ टेराबाइटची मर्यादा गणिताने सिद्ध करा.
३. सर्वाधिक शक्यतेची तपासणी नेहमीच प्रथम का करू नये? सोदाहरण स्पष्ट करा.
४. योजनांतर्गत व योजनेतर खर्चाच्या भेदाचा सार्वजनिक मालमत्तांच्या देखभालीवर कसा परिणाम झाला, याची चर्चा करा.